सेलूची दोन अक्षरं

समजा, सेलूच्या मोंढ्यात एका शेतकरी गटाची कापूस खरेदी चालू आहे. काट्यापाशी एक पोरगा मोबाईलवर वजनं टिपतोय. दुसरा दुधनेकाठच्या एका गावात घरोघर फिरून कोणाकडे किती कापूस पडून आहे ते लिहितोय. वही एकच, फक्त ती दोन मोबाईलमध्ये आहे. गावात टॉवर धड लागत नाही, मोंढ्यात गर्दीमुळे नेट अडखळतं, म्हणून दोघांचंही लिखाण सध्या आपापल्या मोबाईलपुरतंच. वहीच्या पहिल्या पानावर कोणीतरी घाईघाईत 'सेलु' असं ऱ्हस्व उकारानं लिहून ठेवलंय. शाळेत शुद्धलेखनाच्या तासाला मार खाल्लेल्या दोघांनाही ते खुपतं. एकमेकांना न सांगता दोघंही तो उकार खोडतात आणि दीर्घ ऊकार देतात.

संध्याकाळी दोन्ही मोबाईल नेटवर्कमध्ये येतात, वह्या एकमेकींत मिसळतात, आणि पहिल्या पानावर उमटतं: 'सेलूू'. 'ल'ला त्याचा ऊकार मिळालाय, आणि त्याच्या पुढे ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाला दुसरा ऊकार लटकतोय.

गंमत अशी की चूक दोन्हीकडे तंतोतंत सारखी आहे, म्हणजे गणिताच्या दृष्टीनं सगळं बिनचूक झालंय. दोघांनी खोडलेला उकार एकच होता, तो एकदाच गेला. घातलेले ऊकार मात्र दोन होते: दोन माणसांनी, दोन ठिकाणी, एकमेकांच्या नकळत केलेली दोन कामं. वह्या जुळवणाऱ्या लायब्ररीनं कोणाचंच काम फेकून दिलं नाही. तिनं तेवढंच कबूल केलेलं असतं.

लायब्ररी म्हणजे इथं पुस्तकांचं कपाट नव्हे. प्रोग्रामरच्या भाषेत लायब्ररी म्हणजे कोणीतरी एकदा नीट लिहून ठेवलेला आणि बाकीच्यांनी आपापल्या ॲपमध्ये बसवायचा तयार कोड. अनेकांनी मिळून लिहायच्या दस्तऐवजांसाठी अशा लायब्रऱ्या गेल्या काही वर्षांत पक्व झाल्या आहेत. त्यांच्या पोटातलं गणित अवघड आहेच, पण त्यावर निबंध आहेत, सिद्धता आहेत. कमी बोललं जातं ते त्यांच्या दाराबद्दल. बाहेरच्या प्रोग्रामनं आत हाक कशी मारायची, आतून आलेली वस्तू कोणाची, अक्षरं मोजायची कशी, हे ठरवणारा जो भाग असतो त्याला इंटरफेस म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा सी या भाषेत मांडावा लागतो. लायब्ररी लोकांच्या हातात टिकते की नाही, हे बऱ्याचदा त्या दारावर ठरतं.

एकाच गोष्टीला दोघांनी एकदम हात घालू नये, यावरचं जुनं उत्तर सेलूकरांच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. गावावरून जाणारा मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग निजामाच्या काळात, १९०० साली सुरू झाला. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळायला २०२५ साल उजाडलं. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून भारतीय रेल्वेनं कित्येक पिढ्या टोकनचा गोळा वापरला. दोन स्थानकांमधल्या पट्ट्यासाठी एका वेळी एकच गोळा यंत्रातून बाहेर निघणार, आणि तो ज्याच्या हाती पडेल त्याचीच गाडी सुटणार. संगणकात यालाच लॉक म्हणतात. एकानं फाइल उघडली की दुसऱ्यानं थांबायचं. अपघात होत नाही, हे खरं. पण क्रॉसिंगला गाडी थांबल्यावर डब्यात ताटकळणाऱ्या प्रवाशाला या सुरक्षिततेची किंमत विचारावी.

१९८९ साली क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज या दोघा संशोधकांनी थांबायची गरज काढून टाकणारी एक पद्धत मांडली. दोघांनाही लिहू द्यायचं, आणि एकाचा बदल दुसऱ्याकडे पोचला की त्यातला जागेचा आकडा सरकवून घ्यायचा. 'पाचव्या जागी घाल' असं आलं, पण मधल्या काळात इकडे आधी दोन अक्षरं वाढली असतील, तर ते 'सातव्या जागी घाल' समजायचं. गूगल डॉक्स याच घराण्यातलं आहे. व्यवहारात या पद्धतीला मध्ये एक सर्व्हर बसवून ठेवावा लागतो. कोणाचा बदल आधीचा आणि कोणाचा नंतरचा हे तो सांगतो. ज्या गावात सर्व्हरशी बोलायला टॉवरच नाही, तिथं हा पंच काय निवाडा करणार?

२०११ साली मार्क शापिरो, नुनो प्रेगिसा, कार्लोस बाकेरो आणि मारेक झाविर्स्की यांनी पंचाशिवाय जुळणाऱ्या माहितीला एक नाव आणि पक्का पाया दिला. सीआरडीटी हे त्या नावाचं लघुरूप. मराठवाड्यातल्या वाचकाला ती कल्पना समजावून सांगायला संगणकाची गरज नाही, तलाठ्याचं दप्तर पुरे.

सातबारा सगळ्यांना माहीत असतो. जमीन आज कोणाच्या नावावर, क्षेत्र किती, बोजा कोणाचा, पीक कोणतं, ते तो सांगतो. पण सातबारा आपोआप बदलत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद पडते: अमुक खातेदार मयत, वारस हे, किंवा अमुक गटातलं इतकं क्षेत्र विकलं. नोटिसा निघतात, हरकतीची मुदत जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग तिचा परिणाम सातबाऱ्यावर उमटतो. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक दिलेले असतात ते यासाठीच. कोणी विचारलं की हे नाव इथं कसं आलं, तर बोट ठेवायला जागा हवी. थोडक्यात, नमुना सहा ही बदलांची वही आणि सातबारा हा त्या सगळ्या बदलांचा आजचा निकाल.

सीआरडीटी लायब्ररी नेमकी अशीच चालते. तिच्या पोटात दस्तऐवज नसतोच, फेरफार असतात. पडद्यावर दिसतो तो सातबारा.

साम्य इथंच थांबत नाही. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं की ते पुसत नसत. त्याला कंस करत. २०२० साली सातबाऱ्याचं रूप बदललं तेव्हा अशा नोंदींवर आडवी रेघही येऊ लागली, पण नाव खाली वाचता येतंच. लायब्ररीतही खोडलेलं अक्षर नाहीसं होत नाही, त्याला कंस होतो. कारण दुसऱ्या मोबाईलवर, अजून न आलेल्या एखाद्या फेरफारात, 'त्या उकाराच्या पुढे हे घाला' असं लिहिलेलं असू शकतं. उकारच मुळापासून गायब केला तर 'पुढे' म्हणजे कुठे?

आणि गाव नमुना सहा-अ. ज्या फेरफाराला हरकत येते त्याची नोंद या विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत होते. वाद दडपत नाहीत, वेगळ्या वहीत उघड ठेवतात. ऑटोमर्ज या लायब्ररीतही तसंच आहे. दोघांनी कापसाचा भाव एकाच रकान्यात वेगवेगळा टाकला तर ती एक किंमत वर दाखवते, पण दुसरी पुसत नाही. 'या रकान्यातल्या सगळ्या किमती दे' असं विचारणारं वेगळं फंक्शन आहे, आणि ते बोलावलं की दोन्ही हातात पडतात. महसूल खात्याच्या कारभाराला माणसं जन्मभर नावं ठेवतात, पण नोंदींची ही रचना ज्यांनी बसवली ते कच्चे नव्हते.

फरक आहे तो एकाच जागी, पण मोठा आहे. फेरफार क्रमांक देणारा गावात एकच असतो. इथं तलाठीच नाही. म्हणून प्रत्येक मोबाईल आपल्या बदलाला जोडनंबर देतो: एक चढता आकडा आणि सोबत स्वतःची ओळख. नवा आकडा आजवर पाहिलेल्या सगळ्यांत मोठ्या आकड्याच्या पुढचा घ्यायचा. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली सुचवलेली ही युक्ती. आकडे समसमान निघाले तर ओळखीवरून निकाल लावायचा. घड्याळाची वेळ मुद्दामच घेत नाहीत. मोबाईलच्या घड्याळावर विश्वास ठेवून जमिनीचा वाद सोडवायला कोणी जाऊ नये.

राज्याची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. तिनं हा गुंता वेगळ्या वाटेनं टाळला आहे. खातेदारानं आपल्या गटातल्या पिकाची नोंद आपल्या मोबाईलवरून स्वतः करायची. ज्याचं शेत त्याचीच लेखणी, म्हणजे एका ओळीत दोन हात सहसा येतच नाहीत. जिथं कामाची अशी वाटणी करता येते तिथं सीआरडीटीच्या भानगडीत पडू नये, हे या विषयावरच्या लेखनात फार कमी वेळा सांगितलं जातं. मोंढ्यातल्या त्या वहीचं तसं नाही. ती खरोखरच सामाईक आहे.

आता दाराकडे.

२०१७ साली केंब्रिज विद्यापीठातले मार्टिन क्लेपमन आणि अ‍ॅलिस्टर बेरेसफर्ड यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. याद्या, रकाने, मजकूर असं सगळं पोटात घेणारा दस्तऐवज पंचाशिवाय कसा जुळवायचा, हा त्याचा विषय. त्याच विचारांवर ऑटोमर्ज उभी राहिली, आधी जावास्क्रिप्टमध्ये. २०१९ साली क्लेपमन आणि इंक अँड स्विच या संशोधनगटातले त्यांचे सहकारी यांनी 'लोकल-फर्स्ट' ही संज्ञा रुळवली: माहितीची मूळ प्रत वापरणाऱ्याच्या यंत्रात, सर्व्हर असला तर मदतनीस. पुढे लायब्ररीचा गाभा रस्ट या भाषेत नव्यानं लिहिला गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये दुसरी आवृत्ती आली. रस्ट वेगवान आहे, मेमरीच्या चुका करू देत नाही. पण बाकीच्या भाषांना थेट रस्टशी बोलता येत नाही. पायथन असो, गो असो, पीएचपी असो की एखाद्या इलेक्ट्रॉनिक काट्यातला छोटा संगणक, या सगळ्यांना समान अशी एकच बोली येते, ती म्हणजे सी.

सी जन्मली बेल लॅब्समध्ये, डेनिस रिची यांच्या हातून, १९७२ च्या सुमारास. परभणीचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं तेही १९७२ सालीच, १८ मे रोजी, दुष्काळाच्या तोंडावर. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण पन्नास वर्षांनंतरही सेलूच्या शेतात विद्यापीठाचं वाण असतं आणि सेलूच्या खिशातल्या मोबाईलमध्ये सी असते, एवढी नोंद करायला हरकत नाही.

सी ही जुनी, काटक आणि अबोल भाषा. तिला 'मजकूर' म्हणजे काय ते ठाऊक नाही, 'चूक झाली' हे सांगायची रीत नाही, आणि वापरून झालेली मेमरी ती स्वतः आवरत नाही. जे नव्या भाषा न सांगता करतात ते इथं दोन्ही बाजूंनी आधी ठरवून घ्यावं लागतं.

सगळ्यांत आधी येतो मालकीचा प्रश्न. शेजारणीनं डब्यातून भाजी पाठवली, तर भाजी आपली पण डबा तिचा. ऑटोमर्जच्या सी दारातला व्यवहार जवळपास हाच आहे, फक्त थोडा कडक. आत काहीही मागितलं, नवा दस्तऐवज, एखाद्या रकान्याची किंमत, बदलांची यादी, तरी उत्तर एका डब्यात येतं. त्याचं नाव एएमरिझल्ट. डबा उघडून आतली वस्तू बघायची, वापरायची, आणि काम झालं की एएमरिझल्टफ्री हे फंक्शन बोलावून डबा परत करायचा. कडकपणा असा, की डबा परत केला की आतली भाजीही गेली. खातेदाराचं नाव डब्यात असताना त्याच्याकडे नुसतं बोट दाखवून ठेवलं आणि डबा देऊन टाकला, तर ते बोट आता रिकाम्या हवेत आहे.

आणि हा दोष लबाड असतो. परत केलेली मेमरी लगेच पुसली जात नाही. त्यामुळे चाचणीत नाव बरोबर छापलं जातं, दुसऱ्या दिवशीही, आणि दिवाळीनंतर मोंढा भरला, नोंदी वाढल्या, ती जागा दुसऱ्या कशाला दिली गेली, की एखाद्या पावतीवर नावाऐवजी कचरा छापून येतो. मूळ चूक मात्र महिनाभरापूर्वीच्या एका ओळीत असते. म्हणूनच या लायब्ररीनं सोबत डब्यांच्या चळतीची सोय दिली आहे. येईल तो डबा चळतीवर ठेवत जायचा आणि काम संपलं की सगळी चळत एकदम परत करायची. थोडी मेमरी जास्त वेळ अडकते, पण कोणता डबा राहिला हे आठवत बसावं लागत नाही. वरकरणी ही किरकोळ सोय. प्रत्यक्षात दाराची सगळ्यांत माणसाळलेली पायरी तीच आहे.

डब्याचा दुसरा उपयोग चुका सांगायला होतो. रस्टमध्ये काही अगदीच बिघडलं तर प्रोग्राम आरडाओरडा करून उठतो, त्याला पॅनिक म्हणतात. हा आरडाओरडा सीच्या उंबऱ्यापलीकडे गेला तर पुढे काय होईल याची कोणीच हमी देत नसे. सप्टेंबर २०२४ मधल्या रस्ट १.८१ पासून नियम झाला, की असं पॅनिक उंबऱ्यावर पोचलं तर प्रोग्राम तिथल्या तिथं बंद. नियम ठीक आहे, पण पावती फाडता फाडता ॲपच मिटलं तर काट्यावरच्या पोराला त्याचं काय कौतुक? म्हणून चांगलं दार नेहमीच्या चुका डब्यातच घालून देतं: उघडल्यावर आधी स्थिती बघायची, ठीक की चूक, चूक असेल तर तिचा मजकूर, आणि मग वस्तू. ज्यानं न बघता हात घातला त्याची जबाबदारी त्याच्यावर.

मजकुराचं प्रकरण जास्त जुनं आहे. सीमध्ये शब्द कुठं संपतो ते सांगायला शेवटी एक शून्य ठेवतात. लांबी वेगळी लिहीत नाहीत. या काटकसरीनं जगाला बराच खड्डा पाडला. सीमध्ये गेट्स नावाचं फंक्शन होतं. ते ओळ वाचून आणून देई, पण 'तुझ्याकडे जागा किती' हे विचारतच नसे. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म या नावानं ओळखला जाणारा प्रोग्राम इंटरनेटवरच्या हजारो यंत्रांत शिरला, त्याच्या वाटांपैकी एक या न विचारलेल्या प्रश्नातून गेली होती. २०११ च्या प्रमाणकात गेट्स काढूनच टाकलं. नव्या लायब्रऱ्या यातून शिकल्या. ऑटोमर्ज मजकूर देते-घेते तो जोडीनं: सुरुवात इथं, आणि लांबी इतके बाइट. पोतं आणि त्यावर वजनाची चिठ्ठी.

आणखी एक गोष्ट दार जाणूनबुजून करत नाही: ते नेटवर्कला हात लावत नाही. दोन वह्या जुळवायच्या तर एका बाजूला 'दुसऱ्याला पाठवायचा निरोप तयार कर' हे फंक्शन, दुसऱ्या बाजूला 'आलेला निरोप घे' हे. निरोप म्हणजे नुसते बाइट. ते वाय-फायनं न्या, ब्लूटूथनं न्या, की पेन ड्राइव्ह खिशात घालून एसटीनं परभणीला न्या, लायब्ररीला घेणंदेणं नाही. दोन्हीकडे पाठवण्यासारखं काही उरलं नाही की निरोप तयार होणं थांबतं, आणि तेच जुळल्याचं लक्षण.

त्या निरोपात सगळी वही नसते. प्रत्येक बदलाला त्याच्या मजकुरावरून काढलेला ३२ बाइटचा ठसा असतो आणि प्रत्येक बदल आपल्या आधीच्या बदलांचे ठसे सोबत बाळगतो. त्यामुळे 'माझ्या वहीची टोकं ही' एवढं सांगितलं तरी मागचं सगळं ओळखता येतं. टोकं जुळली नाहीत, तर आपल्याकडे काय काय आहे याची एक दाटून बसवलेली खूण जाते. बर्टन ब्लूम यांनी १९७० साली शोधलेली ही चाळणी, बदलामागे जेमतेम १० बिट. एवढ्या स्वस्तात ती शंभरात सुमारे एकदा चुकते आणि नसलेली नोंद 'आहे' म्हणते. त्या नोंदीवाचून पुढची नोंद लावता येत नाही तेव्हा चूक उघडी पडते, आणि पुढच्या निरोपात ती नाव घेऊन मागितली जाते. हरभऱ्याला चाळणी लावावी आणि वर राहिलेले खडे हातानं वेचावेत, तसं.

दार एकदा लोकांनी वापरायला घेतलं की हलवता येत नाही, हे एसक्यूलाइट या डेटाबेसकडे पाहिलं की समजतं. २००० साली आलेला हा डेटाबेस आज अक्षरशः प्रत्येक अँड्रॉइड मोबाईलमध्ये आहे आणि त्याचं दार सीचं आहे. त्यातलं 'प्रश्न तयार कर' हे फंक्शन मागाहून थोडं चुकीचं वाटलं, म्हणून त्याच नावापुढे व्ही२ लावून दुसरं आलं, नंतर व्ही३. पहिलं काढलं मात्र नाही. कुठल्या तरी कोपऱ्यात कोणाचा तरी प्रोग्राम अजून त्याला हाक मारत असेल. हा डेटाबेस २०५० पर्यंत सांभाळायचा आपला इरादा आहे, असं तो लिहिणाऱ्यांनी जाहीरच केलंय. म्हणून शहाणा दार-रचनाकार आतल्या वस्तूचा आकारसुद्धा बाहेर दाखवत नाही. हातात देतो तो नुसता बिल्ला. दस्तऐवज आत कसा मांडलाय हे बाहेरच्याला कळलंच नाही, तर उद्या मांडणी बदलली तरी कोणाचं काही मोडत नाही. २०२५ च्या तिसऱ्या आवृत्तीत ऑटोमर्जनं खरोखरच पोट बदललं. 'मोबी डिक' ही सबंध कादंबरी दस्तऐवजात चिकटवली तर आधी ७०० एमबी मेमरी लागायची, ती १.३ एमबीवर आली.

हे सगळं इंग्रजीत लिहिणाऱ्यालाही लागू आहे. देवनागरीत लिहिणाऱ्याचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो.

'सेलू' हा शब्द किती लांब? पोरगंही सांगेल, दोन अक्षरं. युनिकोड म्हणतं चार: स, एकाराची मात्रा, ल, ऊकार. मोबाईलच्या मेमरीत यूटीएफ-८ पद्धतीनं ठेवला तर बारा, कारण देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइट खाते. जावास्क्रिप्टला विचारलं तर ती पुन्हा चार म्हणते, पण मजकुरात एखादी इमोजी आली की तिचा हिशोब युनिकोडशी जुळेनासा होतो. आता सी दाराला निरोप आला, 'जागा ६ वर हे घाल'. सहा बाइटांनंतर म्हणजे 'ल'च्या आधी. सहा खुणांनंतर म्हणजे शब्दाच्या बाहेर, पुढच्या शब्दात कुठेतरी. आणि 'जागा ७' आली, बाइट धरून, तर ती 'ल'च्या पोटात पडते, जिथं काही घालणं म्हणजे अक्षर फाडणं. इंग्रजी मजकुरात हे तिन्ही हिशोब एकच असतात. त्यामुळे इंग्रजीवर तपासलेलं दार वर्षानुवर्षं चुकीचं असूनही बरोबर दिसू शकतं; 'ज्वारी' लिहिली की पहिल्या दिवशी पितळ उघडं. दोन अक्षरं, सहा खुणा, अठरा बाइट.

ऑटोमर्जची सी आवृत्ती बांधतानाच हा पर्याय पुढ्यात येतो, जागा बाइटमध्ये मोजायची की खुणांमध्ये. निवड कोणतीही चालेल. दोन्ही बाजूंनी एकच केली पाहिजे, एवढंच, आणि ती हेडर फाइलमध्ये, म्हणजे दाराच्या पाटीवर, ठळक लिहिली पाहिजे. नाहीतर सीचा प्रोग्राम बाइट मोजतो, शेजारचा पायथनचा खुणा मोजतो, आणि कर्सर 'शेतकऱ्याचा' या शब्दात भलतीकडेच जाऊन उभा राहतो.

'शेतकऱ्या'वरून आठवलं. तो 'ऱ्य' बघा: त्यातला 'ऱ' काही कीबोर्ड एका खुणेनं साठवतात, काही 'र' आणि खालचा नुक्ता अशा दोन खुणांनी, आणि काही तर अदृश्य जोडखूण वापरून. पडद्यावर तिन्ही सारखे. मग लायब्ररीनं परस्पर एकसारखे करून टाकावेत का? मोह होतो, पण करू नये. बदलाचा ठसा बाइटवरून काढलेला असतो. वाटेत कोणी बाइट नीटनेटके केले की ठसे जुळत नाहीत आणि दोन मोबाईल एकमेकांच्या खऱ्या नोंदी खोट्या ठरवू लागतात. शुद्धलेखन करायचं तर ॲपनं, लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. दारानं जसं आलं तसं आत घ्यावं.

मग माणूस मोजतो तशी अक्षरंच का मोजू नयेत? म्हणजे 'सेलूू'सारखं काही निपजणारच नाही. या विचारातली गोम २०२३ साली दिसली. 'क्षेत्र' या शब्दाची अक्षरं किती, तर युनिकोडच्या जुन्या नियमानं चार: क्, षे, त्, र. सप्टेंबर २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीत भारतीय लिप्यांच्या जोडाक्षरांसाठी नवा नियम आला आणि तोच शब्द दोन अक्षरांचा झाला: क्षे, त्र. मराठी शाळेत कायमच दोन होती, युनिकोडला उशिरा पटलं, इतकंच. पण समजा वहीतल्या जागा अक्षरांत मोजून साठवल्या असत्या, तर जुना मोबाईल आणि नवा मोबाईल एकाच 'जागा ३' चे दोन अर्थ लावत बसले असते. म्हणून आतली मोजणी खुणांचीच ठेवतात आणि अक्षरांची जाण फक्त उंबऱ्यावर वापरतात. ऑटोमर्जमध्ये त्यासाठी एक वेगळी वाट आहे. ॲपनं बदललेला सगळा मजकूर तिच्या हवाली करायचा. जुना आणि नवा यांतला फरक ती स्वतः, अक्षरं न फाडता, काढते.

मोंढ्यातल्या त्या दोन पोरांचं ॲप या वाटेनं गेलं असतं तर? जुनं 'सेलु', नवं 'सेलू'. फरक अक्षरात: 'लु' गेलं, 'लू' आलं. दोघांकडून तेच. मिसळल्यावर 'लु' एकदाच जातं, 'लू' मात्र दोनदा येतं आणि पानावर उमटतं 'सेलूलू'. निदान वाचता तरी येतं, ठिपक्यांचं वर्तुळ नाही, आणि काय झालं असेल हे बघणाऱ्याला लगेच समजतं.

दोघंही हसतात, आणि पुन्हा एकमेकांना न सांगता एकेक 'लू' खोडतात. काट्यावरचा पहिला खोडतो, गावातला शेवटचा. रात्री वह्या पुन्हा जुळतात. पहिल्या पानावर उरतं ते नुसतं 'से', दोन्हीकडे अगदी सारखं, आणि मग मात्र एक जण दुसऱ्याला फोन लावतो.